चौथा रकाना

मिशनच्या नोंदवहीत चौथा रकाना पालकाचा.
पाळक सिलुंग्वे यांनी स्वतः पट्टीने आखलेला,
बोटभर रुंद.
एका नावापुरता.

मी लेखनिक. मलावी सरोवराकाठच्या वस्त्या सायकलवर हिंडतो.
वही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली,
कारण वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास
कागदात एकदा शिरला की निघत नाही.

त्या सोमवारी सुझ्गोच्या दारात थांबलो.
सुझ्गो म्हणजे संकट. वाईट वर्षी जन्मली म्हणून.
पाठचा लुंबानी, खोकणारा,
आणि कडेवर धाकटी, जिला नाव ठेवायचं राहून गेलं.
आई जाऊन नऊ दिवस झालेले.

विचारलं, पालक कोण?
म्हणाली, कशाला?
कशाला म्हणजे?
झोपायला न्यालुहांगा.
लापशीला न्याकायिरा, पण शनिवारी नाही,
शनिवारी ती बाजाराला जाते.
खोकल्याला मुघोघो आजी, तिला पाला माहीत आहे,
आणि पाल्याने नाही भागलं
तर दवाखान्यात न्या म्हणून तीच ओरडते.
शाळेच्या सदऱ्याला अजून कोणी नाही.

मी पेन्सिल धरून उभा.

न्यालुहांगा बाहेर आली, कोपरापर्यंत मक्याचं पीठ.
गोड बाई नव्हे ती.
म्हणाली, लिही, ही पोरगी मीठ सांडते.
लिही, काल हिने माझी कुदळ हरवली
आणि मी एक ठेवून दिली.
आणि रात्री कमरेचं चितेंजे सोडून हिच्या अंगावर टाकलं,
स्वतः कुडकुडत बसले, हेही लिही.
नको. हे नको लिहू.

टेकडीवर मिशनचं नवं घर आहे.
बारा खाटा, बारा मच्छरदाण्या,
समुद्रापलीकडच्या कुठल्या मंडळीने पाठवलेल्या बारा उश्या,
प्रत्येकीवर लोकरीने विणलेलं एक मेंढरू.
गुरुवारी पाळक ट्रक घेऊन आले.
भला माणूस. चिखलात ट्रक रुतला तर
बूट काढून आधी स्वतः ढकलतो.
आंब्याला टांगलेली चाकाची रिम त्यांनी वाजवली,
प्रार्थना केली, मुलांची नावं घेतली,
धाकटीपाशी येऊन अडखळले.

कोणी वाद घातला नाही.
न्याकायिराने एवढंच विचारलं,
तिथे रात्री मूल रडलं
तर आधी कोणाला ऐकू जातं?

पाळक पालथ्या उखळावर बसले.
बराच वेळ बसले.
कोणीतरी ताटली आणली, सिमा आणि पाल्याची भाजी,
ती त्यांनी बोटं चाटून संपवली.
ट्रक रिकामा परत गेला.
आठवड्याने आला तेव्हा मागे खाटा होत्या, उलट्या रचलेल्या,
पाय आभाळाकडे.

आता न्यालुहांगाच्या घरात दोन खाटा आहेत
आणि चालायला जागा नाही, त्यावर ती रोज बोलते.
मुघोघो आजी उशी गुडघ्याखाली घेते.
धाकटी मेंढराचा कान चोखते.
कान जवळजवळ संपलाय.

चौथ्या रकान्यात मी तीन नावं लिहिली,
मुंगीएवढी,
तरी तिसरं समासात गेलं.
जिल्ह्याच्या कचेरीतून वही परत आली,
लाल शाईत शेरा: कृपया एकच नाव.

ती घेऊन पुन्हा गेलो. सुझ्गोने वहीत डोकावून पाहिलं.
वाचता येत नाही तिला, मोजता येतं.
तीनच? म्हणाली. आणि शनिवार?

शनिवारी मला तसंही काही काम नसतं.

लापशी मला जमत नाही. तळाला लागते.
सुझ्गो ती खरवडून खाते, सगळी,
आणि मग जाऊन न्यालुहांगाला सांगते
किती करपली होती ते.